जातानाची विचारपूस

बुढापारा, रायपूर
९ जानेवारी २०१२

प्रिय विनू,

शाळेतली ती चांदण्यांची कार्डं तुला आठवतात का? भिंतीवर प्रत्येकीचं एक, वर नाव, खाली महिन्याचे चौकोन. चार वाजता शाळा सुटताना सिस्टर वर्गाच्या दारात उभ्या राहायच्या आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलीला विचारायच्या, आज आनंदी होतीस का? हो म्हटलं की डबीतली एक कागदी चांदणी मिळायची. ती जिभेवर ओली करून आपल्या चौकोनात चिकटवायची. त्या डिंकाची चव अजून माझ्या तोंडात आहे, थोडी गोड, थोडी साबणासारखी. सलग तीन चौकोन रिकामे राहिले की घरी चिठ्ठी जायची आणि आईला बोलावणं यायचं.

तू तिसरीत होतीस, मी सहावीत. दोन दिवस तुला कणकण होती. तिसऱ्या दिवशी तर अंगाला हात लावला तरी चटका बसत होता. तरी त्या दिवशीच्या चौकोनात चांदणी लागली. मग आपण सायकलरिक्षात बसलो, तू माझ्या मांडीवर डोकं ठेवलंस आणि फाटकापाशी रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, छोटी दीदी सुत गे का? मी हव, झोपली, म्हटलं. पुढे तीन आठवडे तू टायफॉइडने अंथरुणावर होतीस. आई उशाशी बसून पुन्हा पुन्हा एकच म्हणायची, "आदी काहून नाई सांगतलं व?"

या गोष्टीवर आपण मोठेपणी किती हसलो आहोत. दीड वर्ष आपलं बोलणं नाही, त्यामुळे पत्र कुठून सुरू करावं ते कळेना. हसण्यासारखं काहीतरी असावं म्हणून हे लिहिलं.

आता काम सांगते. मला कामगार न्यायालयाचं समन्स आलं आहे, बारा मार्चचं. भनपुरीच्या त्या रोलिंग मिलने मला आपली साक्षीदार म्हणून बोलावलं आहे. दयारामच्या बायकोने, मीराबाईने, भरपाईसाठी जो दावा लावला आहे त्यात.

दयाराम तुला नावाने आठवणार नाही, म्हणून फॉर्मचा नंबर देते. एकतीस. तुझ्या सुखांकासाठी, माणसाचं सुख दहापैकी मोजायच्या त्या तुझ्या अभ्यासासाठी, मी त्या मिलमध्ये दोन महिने ज्या एकशे सात माणसांना प्रश्न विचारले, त्यातला एकतिसावा. नववा प्रश्न होता, कामावर असताना चक्कर येते का? त्याच्यासमोर 'कधीच नाही' अशी खूण आहे. खूण माझ्या हातची, खाली सही त्याची, चांगली वळणदार. त्यानंतर पाच महिन्यांनी, मे महिन्यात, हातात चिमटा धरून तो मिलच्या फिरत्या रुळांसमोर उभा होता. भट्टीतून लाल सळई आली. तिचं तोंड पकडून पुढच्या रुळात घालायचं हे त्याचं काम. त्याने पकडलं नाही. तो उभ्या उभ्या खाली गेला होता आणि सळई त्याच्यावरून गेली.

मीराबाई म्हणते, त्याला रोज भोवळ येत होती, मुकादमाला सांगूनही बारा तासांची पाळी कमी केली नाही. मिल म्हणते, माणूस ठणठणीत होता, त्याने स्वतः तसं सही करून दिलं आहे, दोष त्याच्या बेसावधपणाचा. पुरावा म्हणून फॉर्म नंबर एकतीस जोडला आहे. मी फक्त तिथे उभं राहून सांगायचं की अक्षर माझं आहे.

दुसऱ्यांदा भरलेले फॉर्मही होते, हे तुला आणि मला, दोघींनाच ठाऊक आहे. ते राहिले नाहीत, ठीक. पण तू तेव्हा संस्थेची संचालक होतीस. ते फॉर्म होते आणि ते बाजूला काढले, एवढी एक ओळ सही करून पाठव. तुझी ओळ कोर्ट ऐकेल. निवृत्त मास्तरीणबाईचं काय ऐकणार.

तब्येतीला जप. दिल्लीत थंडी फार असेल.

तुझी,
ताई

बुढापारा
२ फेब्रुवारी

प्रिय विनू,

तुझं उत्तर मिळालं. दोन पानं, टाईप केलेली, इंग्रजीत, खाली पूर्ण नाव आणि पद. आपल्या इंग्रजीच्या बाईंना अभिमान वाटला असता. 'रिस्पॉन्डंट' हा शब्द ओळीआड आहे. दयाराम हे नाव कुठे सापडलं नाही.

तू लिहितेस, सगळ्यांना एकाच वेळी, एकाच पद्धतीने विचारलं गेलं. दुसरी फेरी अशी झालीच नाही, कौमुदीबाई संध्याकाळी कोणाशी गप्पा मारत असतील तर तो अभ्यासाचा भाग नाही. कौमुदीबाई. मला वाटलं, ही कोण? मग कळलं, मीच.

तू विसरली असशील, म्हणून पहिल्यापासून सांगते. मी नुकतीच निवृत्त झाले होते. तू इथे येऊन म्हणालीस, ताई, तुला लोक खरं सांगतात, तुझा चेहराच तसा आहे. मला किती बरं वाटलं होतं. तुझे इंग्रजी प्रश्न मी हिंदीत आणले, मग छत्तीसगढीत बोलायला सोपे केले. मिलने सकाळी साडेसातची वेळ दिली, पाळी सुरू व्हायच्या आधीचा अर्धा तास. टाइम ऑफिसच्या दारात खुर्ची, टेबल, चहा. एकेक जण यायचा, खुर्चीच्या कडेवर बसायचा, मी विचारायची आणि तो म्हणायचा, बने हंव, मैडम, बरा आहे. झोप? बने. जेवण? बने. चक्कर? नइ आवय. सही करून आत जायचा. दहापैकी साडेसात, आठ असे आकडे पडत होते आणि मी घरी येऊन तुला फोनवर सांगत होते की विनू, हे लोक आपल्यापेक्षा सुखी आहेत गं.

मीराबाई मिलच्या आवारात भंगार निवडायची. दुसऱ्या आठवड्यात मी हापशीवर हात धूत असताना ती म्हणाली, "दीदी, तुमन पढ़े-लिखे मनखे. जात बेरा घलो कोनो ला पूछथें?" आणि बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मला कळेना, निघताना विचारलं तर काय चुकलं. मग तिने लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. भट्टीकडे निघालेल्या माणसाला बरं आहे का म्हणून कोणी विचारत नाही, आणि विचारलंच तर तो वाईट बोलत नाही. वाईट शब्द तोंडातून काढून आत गेलं तर तो शब्द बरोबर आत जातो. म्हणाली, लहुटत बेरा पूछहू. परतताना विचारा.

मी हापशीच्या कट्ट्यावरच बसले. मला आई आठवली. बाबा ड्युटीवर निघाले आणि आपण 'कुठे चालले' म्हटलं की पाठीत धपाटा बसायचा. "निंगत्या मानसाले टोकू नोको व पोट्टे." आपण कधी जाते म्हटलं आहे का? येते म्हणतो. हे सगळं ज्या घरात होतं त्या घरातली मी, दीड आठवडा दारात खुर्ची टाकून निघत्या माणसांना टोकत होते आणि त्यांच्या शुभशब्दांची बेरीज करत होते. सिस्टर निदान दिवस संपल्यावर विचारायच्या.

मग मी संध्याकाळी आठला फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसायला लागले. तेच प्रश्न, तोच कागद. चाळीस माणसं झाली. दयाराम त्यात होता. बाकावर बसला, चहा तसाच ठेवला. नवव्या प्रश्नावर म्हणाला, "आंखी म अंधियार छा जाथे, दीदी. रोज." सहीसाठी पेन दिलं तर ते बोटांतून दोनदा निसटलं. बारा तास चिमटा धरून बोटं आकड्यासारखी वळली होती. मग त्याने अंगठा उठवला. शाईचं पॅड लागलं नाही, अंगठा काळाच होता. सकाळी वळणदार सही करणारा माणूस. त्या चाळिसांत चौतीस अंगठे निघाले, आणि त्यातले बहुतेक सगळे सही येणारे. विनू, तुझे ते बावीस प्रश्न एका बाजूला आणि ते काळे अंगठे एका बाजूला. मला वाटलं होतं, तू बघशील आणि उडी मारशील.

मी ते शंकर नगरला तुझ्या ऑफिसात घेऊन आले. तू पोहे मागवलेस. आकडे पाहिलेस, सव्वातीन, साडेतीन. मग म्हणालीस, "थकलेल्या माणसाला विचारलंस तर तो थकलोय असंच म्हणणार ना, ताई." वेळ सगळ्यांची एक हवी, नाहीतर पद्धत मोडते. आणि हे फॉर्म फाडून टाक, उगाच गोंधळ नको.

मी बरं म्हटलं. पोहेही खाल्ले.

त्या दिवसापासून तुझ्यावर रागावले आहे असं वाटत असेल तर तसं नाही. तू तुझ्या कार्डावरचा चौकोन रिकामा ठेवू शकत नाहीस, लहानपणापासून. मला ते माहीत हवं होतं. एक ओळ, विनू. अजून पाच आठवडे आहेत.

ताई

बुढापारा
२६ फेब्रुवारी

विनू,

काल वेदांत आला होता. कचोऱ्या घेऊन आला, पाया पडला, आजीच्या फोटोकडे पाहून हात जोडले. सगळं नीट केलं. तुझा मुलगा गुणी आहे. मी मराठीत बोलत होते, तो हिंदीत. लहानपणी 'मावशी, मले दे' म्हणायचा, ते कुठे गेलं कोण जाणे. म्हणाला, मम्मी बहुत टेंशन में हैं. मग चहा झाल्यावर, कपाकडे बघत म्हणाला, "मौसी, आप बस इतना बोल दीजिए कि हैंडराइटिंग आपकी है. झूठ थोड़े ही है."

खोटं नाहीच. म्हणून तर इतकं सोपं आहे.

तो तुझ्या नव्या कामाबद्दल सांगत होता. आता सुखांक आणखी सहा राज्यांत लावणार, तुझ्या नावाने, आणि एप्रिलमध्ये त्याची घोषणा. याच्या आधी रायपूरच्या कोर्टात काही निघायला नको. मी त्याला विचारलं की भरताना आपण त्या माणसांना वचन दिलं होतं ना, तुमचं नाव कोणाला कळणार नाही म्हणून? मग तो कागद मिलच्या वकिलाकडे कसा? तो म्हणाला, ऑफिस से गया होगा. मीराबाईचे वकील यज्ञेश्वर साहू यांनी मला सगळी फाईल दाखवली आहे. फॉर्मबरोबर पाठवणीचं पत्र आहे. तारीख सात जून दोन हजार दहा. सही तुझी.

सात जून. दिल्लीला जाण्याआधी शंकर नगरला तू जेवण ठेवलं होतंस ते सहा जूनला. मी उशिरा आले, दयाराम गेल्याचं मला त्या दिवशी कळलं होतं. तू जिन्यात माझा हात धरून म्हणालीस, ताई, आज नको. मी श्रीखंड वाढायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी तू ते पत्र सही करून पाठवलंस. त्यानंतर मी तुला पोचवायला स्टेशनवर आले नाही, एवढाच काय तो माझा बाणेदारपणा.

आणि आता माझं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

त्याच सात जूनला दुपारी मीराबाई माझ्या घरी आली होती. भनपुरीहून बुढापाऱ्यापर्यंत, कोणाकोणाला पत्ता विचारत. उंबऱ्याबाहेरच बसली, आत ये म्हटलं तरी आली नाही. सुतक होतं. म्हणाली, दीदी, तुम्ही त्याला दोनदा विचारलं होतं. संध्याकाळी त्याने घरी येऊन सांगितलं मला, आज दीदीला सगळं खरं सांगितलं, मोकळं वाटलं. तो कागद द्या.

मी म्हटलं, कागद नाही.

ती म्हणाली, अंगठा लावला होता त्याने. मी म्हटलं, असेल, पण आता नाही. फाटला. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. लोक मला खरं सांगतात, माझा चेहरा तसा आहे. आणि माझंही खरं मानतात. ती उठली, मी दिलेलं पाणी प्यायली आणि गेली. जाताना मी तिला कशी आहेस असं विचारलं नाही. एवढं शिकले होते.

कागद फाटला नव्हता, विनू. चाळीसच्या चाळीस फॉर्म बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात आहेत, देवघराच्या खालच्या कप्प्यात. ती उंबऱ्यात बसली होती तिथून चार पावलांवर. तुला मी फाडले म्हटलं ते खोटं, आणि तिला फाटले म्हटलं तेही खोटं. तुझी नेमणूक त्या आठवड्यात व्हायची होती. शिवाय 'सर्व मुलाखती कामगारांच्या मोकळ्या वेळात व दबावाशिवाय झाल्या' या दाखल्यावर माझीही सही आहे. तुला वाचवलं म्हणते, पण दोघींना वाचवलं.

म्हणून तुझी ओळ मागत होते. तू लिहिलं असतंस तर मला हा डबा काढावा लागला नसता. माझं खोटं झाकण्यासाठी मी तुझं खरं मागत होते. तुझ्या पत्रातल्या 'झालीच नाही' या शब्दांचा मला राग आला, तो तुझ्याइतकाच माझाही होता.

वेदांत गेल्यावर कचोऱ्या शेजारी दिल्या.

ताई

बुढापारा
११ मार्च, रविवार

विनू,

काल दुपारी मी भनपुरीला गेले होते. मीराबाई अजून त्याच आवारामागच्या खोलीत राहते. फॉर्म तिच्या हातात दिला. तिला वाचता येत नाही. तिने फक्त अंगठा पाहिला, मग त्यावर आपला अंगठा ठेवून पाहिला, माप घ्यावं तसा. मी माफी मागितली. ती म्हणाली, "दीदी, दू बछर." दोन वर्षं. चहा विचारला नाही. छत्तीसगढच्या घरात आलेल्या माणसाला चहा विचारला नाही, म्हणजे काय ते तू समजू शकतेस. फॉर्म तिने परत माझ्याकडे दिला, म्हणाली, तुम्हीच घेऊन उभ्या राहा.

तर उद्या उभी राहते. अक्षर माझं आहे हे सांगेन. मग दुसरा फॉर्म काढेन, तेही अक्षर माझं आहे हे सांगेन. दोन्हींमध्ये काय झालं आणि कोण काय म्हणालं तेही, पोह्यांसकट. दाखला खोटा होता आणि त्यावर मी सही केली, हे पहिल्यांदा सांगेन. तुझं नाव विचारतील. घेईन. मग तू या घरी येणार नाहीस हे मला समजतं, म्हणून वाटण्या आजच करून ठेवते. वेदांतला पाठवू नकोस, सगळ्यावर चिठ्ठ्या लावल्या आहेत, जे ज्याचं ते पोचतं करीन.

आईची एकदाणी अनुश्रीला. वेदांतच्या लग्नात ती तुझ्याच गळ्यात होती, तेव्हा सुनेला द्यायची असं तूच म्हणाली होतीस.

बाबांचं रेल्वेचं घड्याळ वेदांतला. ते रोज चार मिनिटं मागे पडतं. दुरुस्त करू नकोस म्हणावं, बाबांनीही केलं नव्हतं.

पुरणयंत्र आणि पितळी डबे तुला. तुझ्या दिल्लीच्या स्वयंपाकघरात ते शोभेला ठेवशील, तरी चालेल.

आईची नऊवारी लुगडी मी कोणाला देत नाही. त्यातलं एक, काठ विरलेलं, उद्या नेसणार आहे. जमेल तसं.

दयारामचा फॉर्म कोर्टात. उरलेले एकोणचाळीस ज्याचे त्याला. यज्ञेश्वर साहूंना मी यादी दिली आहे, जे मिलमध्ये आहेत त्यांना मिलबाहेर, जे गावी गेले त्यांना गावी. एकही कोणत्याही संस्थेत जाणार नाही, नवीन अभ्यासासाठी मागितला तरी नाही. ते त्यांचं बोलणं आहे, त्यांनी परत घ्यावं.

मीराबाईला माझ्याकडून वस्तू काही नाही. ती घेणार नाही आणि मी देऊ नये.

राहिलं तुझं चांदण्यांचं कार्ड. वर्ष संपल्यावर शाळेने घरी दिलं होतं, मी ठेवलं होतं, त्याच पत्र्याच्या डब्यात. मागच्या पत्रात मी लिहिलं की तू चौकोन रिकामा ठेवू शकत नाहीस. ते खरं नाही. त्या दिवशी मी तुला न्यायला तुझ्या वर्गाच्या दारात आले होते. सिस्टरांनी विचारलं आणि तू म्हणालीस, नो, सिस्टर. इतक्या तापात, स्पष्ट. मी पुढे झाले आणि म्हटलं, शी मीन्स येस, सिस्टर. चांदणी मी घेतली, माझ्या जिभेवर ओली केली, मी चिकटवली. तिसरा चौकोन होता. चिठ्ठी गेली असती तर आई शाळेत आली असती, नऊवारी लुगड्यात, सगळ्यांसमोर सिस्टरांशी 'मले समजत नाई' म्हणत. मला ते नको होतं. रिक्षात तू विचारलंस, ताई, मी खोटं बोलले का? मी म्हटलं, नाही, झोप.

काल पाण्याचं बोट फिरवून ती चांदणी सोडवली. पन्नास वर्षांचा डिंक, तरी सुटली. खाली कागद पांढरा राहिला आहे, बाकी कार्ड पिवळं पडलं आहे. ते कार्ड याच पाकिटात घातलं आहे. ते तुला.

आणि मी कशी आहे असं विचारावंसं वाटलंच, तर उद्या सकाळी फोन करू नकोस. मी निघालेली असेन. संध्याकाळी कर.

येते.

ताई